तेरा दिवसांचा विश्वास

(धरमपेठ, नागपूर येथे श्रावण महिन्यात झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणावरून. पदे आणि गजर गाळून निरूपण व आख्यान तेवढे छापले आहे.)

पूर्वरंग

  

मंडळी, आजचा विषय फलकावर लिहिलाय तो नामाचा महिमा. मी तयारी करून आलो होतो तीही त्याचीच. पण काल कीर्तन संपल्यावर, प्रसाद वाटून झाल्यावर, एक काकू थांबल्या. माणसं पांगेपर्यंत खांबाशी उभ्या राहिल्या. मग पुढे आल्या, नमस्कार केला आणि एक प्रश्न विचारला. त्या प्रश्नानं मला रात्री झोप लागू दिली नाही. तेव्हा नामाचा महिमा उद्या. आज त्या काकूंचा प्रश्न. त्यांना विचारून सांगतोय बरं का. त्या म्हणाल्या, "नाव घेऊ नका, बाकी सगळं सांगा."

गोष्ट गेल्या भाद्रपदातली. २०२३ साल, २२ सप्टेंबर, शुक्रवार. तारीख ऐकल्याबरोबर तुमच्या माना हलल्या. धरमपेठेत ही तारीख कोणाला सांगावी लागत नाही. त्या दिवशी घरोघरी महालक्ष्म्यांचं पूजन होतं. ज्येष्ठा-कनिष्ठा माहेरी आलेल्या. आपल्या वऱ्हाडात आणि नागपुरात महालक्ष्म्यांचं जेवण म्हणजे काय असतं, ते पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला सांगून कळत नाही. पहाटेपासून सोवळ्यात स्वयंपाक, पुरणाच्या पोळ्या, सोळा भाज्या, आंबील. मुखवट्यांना नथी, अंगावर ठेवणीतली लुगडी. संध्याकाळी हळदीकुंकू. रात्री घरातली बाई पाठ टेकते ती अशी, की कूससुद्धा बदलत नाही.

आणि त्याच रात्री, मध्यरात्रीनंतर, आभाळ फाटलं. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. अंबाझरीचा तलाव भरलेलाच होता, तो सांडव्यावरून सुटला. नाग नदी पात्र सोडून वस्तीत शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कार्पोरेशन कॉलनी. झोपेतल्या माणसांच्या अंथरुणाला पाणी लागलं. होड्या घालून माणसं काढावी लागली नागपुरात! नागपूर, जिथं उन्हाळ्यात आपण पाण्याच्या टँकरची वाट पाहतो. काही जणांचे जीव गेले. हजारो घरांत चिखल झाला.

काकू तळमजल्यावर राहतात. म्हणाल्या, "बुवा, पाणी वर चढून राहिलं होतं. मुलानं सासूबाईंना पाठीवर घेतलं आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे नेलं. मी आधी महालक्ष्म्यांचे मुखवटे काढले. दोन्ही पदरात घेतले, वर नेऊन ठेवले. परत खाली यायला गेले तर पायऱ्यांवर पाणी. ह्यांची वही राहिली."

"ह्यांची" म्हणजे यजमानांची. यजमान जाऊन काही वर्षं झालेली. तीस वर्षांच्या घरखर्चाची त्यांची वही. दर पानावर वरती "श्री". खाली दूध, किराणा, मुलांच्या शाळेची फी. आणि मध्येच कुठं तरी, हिशेबाच्या ओळीत, मुलीच्या जन्माची वेळ. कुठं "पेढे, मुलगा पास झाला म्हणून". बाजारात ज्याची किंमत शून्य, अशी वही. काकू रोज संध्याकाळी दिवा लावला की तिचं एक पान वाचायच्या. ती कपाटाच्या खालच्या खणात होती. दुसऱ्या दिवशी पाणी ओसरल्यावर खण उघडला, तर चिखलाचा गोळा.

मग त्या म्हणाल्या, आणि हे वाक्य मी जसंच्या तसं सांगतो, "बुवा, तुम्ही दरवर्षी सांगता, तुकोबांच्या वह्या इंद्रायणीनं परत दिल्या. कोरड्या दिल्या. मी तर देवीचं आधी केलं हो. माझी एक वही त्याला वाचवता नाही आली? सांगा, यंदा महालक्ष्म्या बसवू की नको?"

आता बोला.

(क्षणभर थांबून)

मी काहीच बोललो नाही. इतकी वर्षं कीर्तन करतोय, पण गप्प राहिलो. उत्तरं आम्हा कीर्तनकारांच्या झोळीत नसतात असं नाही. भरपूर असतात, आणि तयार असतात. पण त्या बाईच्या डोळ्यांकडे पाहून एकही बाहेर काढायची हिंमत झाली नाही. ती उत्तरं कोणती, ते आधी पाहू. कारण तुम्हीही ती एकमेकांना देता.

पहिलं उत्तर, प्रारब्ध. "काय करता काकू, प्रारब्धाचे भोग!" आता प्रारब्ध खोटं आहे असं मी म्हणणार नाही. शास्त्र आहे ते. पण प्रारब्ध हे औषध आहे आणि ते ज्याचं त्यानं घ्यायचं. माझ्यावर प्रसंग आला, मी म्हणालो, "असेल माझं प्रारब्ध," तर मला सोसायला बळ येतं. पण दुसऱ्याच्या घरात पाणी शिरलंय आणि मी कोरड्या गॅलरीत चहा पीत म्हणतोय, "त्यांचं प्रारब्ध!" तर ते शास्त्र राहिलं नाही, तो धोंडा झाला. बुडणाऱ्याच्या डोक्यात घातलेला.

दुसरं उत्तर, देव परीक्षा पाहतो. अहो, साधा शाळामास्तर परीक्षा घेतो तर आधी अभ्यासक्रम सांगतो. वेळापत्रक लावतो. आणि आमचा देव काय रात्री अडीच वाजता, झोपलेल्या म्हाताऱ्या बाईची परीक्षा घेणार? आणि तो तर अंतर्यामी. कोणाच्या मनात किती भक्ती आहे हे कळायला त्याला घरात पाणी सोडायची काय गरज? परीक्षा ती घेतो, ज्याला ठाऊक नसतं.

तिसरं उत्तर सगळ्यांत गोड. "जे होतं ते भल्यासाठी." हे वाक्य म्हणायचा अधिकार फक्त एका माणसाला आहे. ज्याचं गेलं त्याला. तोही वीस वर्षांनी, मागं वळून पाहताना, स्वतःशी म्हणाला तर म्हणो. दुसऱ्याच्या दारात उभं राहून, त्याच दिवशी, हे वाक्य म्हणू नये.   जे वाईट आहे त्याला चांगलं म्हणणं म्हणजे विश्वास, असं जर कोणी तुम्हाला शिकवलं असेल, तर ते आज इथंच सोडून जा. देवावर विश्वास ठेवायला खोटं बोलावं लागत नाही.

आता आणखी एक गोष्ट, मंडळी. न कळणारं म्हणतो त्यातलं सगळंच न कळणारं नसतं. पाऊस पडला ही देवाची गोष्ट. पण पाण्याला जायला जी वाट होती, ती अरुंद कोणी केली? ओढ्याच्या काठावर भिंती कोणी बांधल्या, नाल्यात प्लास्टिक कोणी टाकलं? नाग नदीला आपण बोलता बोलता नाग नाला म्हणायला लागलो. ज्या नदीवरून या शहराला नाव मिळालं म्हणतात, तिला नाला! पाणी बिचारं आपली जुनी वाट शोधत आलं, तर वाटेत आपला दिवाणखाना लागला. हे कळण्यासारखं आहे. जे कळण्यासारखं आहे ते कळून घ्यावं, त्यासाठी भांडावं, अर्ज करावे, झाडू घेऊन उतरावं. आपल्या चुका देवाच्या खात्यावर लिहू नयेत.

पण हे सगळं कळून घेतलं तरी काकूंचा प्रश्न उरतोच. नाला कसा तुंबला हे इंजिनिअर सांगेल. माझंच घर का, तीच रात्र का, वहीच का, हे कोण सांगणार? इथं बुद्धी दाराशी चपला काढून उभी राहते. आत जाता येत नाही तिला. मग काय करायचं? आजचं निरूपण एवढ्यावरच आहे. आपल्याला वाटतं, आधी कळेल, मग विश्वास ठेवू. कळणं पहिलं, धरणं नंतर. संतांच्या घरी क्रम उलटा आहे. तिथं आधी धरतात. कळलं तर कळलं.

याचा दाखला फार लांबचा द्यायला नको. आपल्याच वऱ्हाडातला देतो. अमरावती जिल्ह्यातलं माधान. तिथले प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराज. जन्म १८८१ चा. लेकरू नऊ महिन्यांचं असताना डोळे गेले. चार वर्षांचं होतं तेव्हा आई गेली. विचार करा. ज्या पोरानं आईचं तोंड आठवणीत राहील असं पाहिलंच नाही, त्याला आईचा फक्त आवाज आणि हात माहीत. आणि चौथ्या वर्षी तो आवाजही गेला, हातही गेला. नऊ महिन्यांच्या बाळानं काय पाप केलं होतं? आहे उत्तर? माझ्याकडे नाही.

आणि पुढे काय झालं? डोळे परत आले का? नाही आले. चौतीस वर्षं जगले महाराज, १९१५ साली देह ठेवला, आणि शेवटपर्यंत अंधारच. पण त्या अंधारात त्यांनी हात धरला कोणाचा? ज्ञानोबामाउलींचा. आपली आई गेली तर ज्ञानेश्वर हीच आई, मी ज्ञानेश्वरांची कन्या, असं म्हणत राहिले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घेतले, ऐकले, मनात साठवले. स्वतः सांगत गेले, दुसरे लिहीत गेले. शंभराच्या वर ग्रंथ झाले. डोळसांना वाचता वाचता आयुष्य पुरत नाही, एवढं त्या आंधळ्या माणसानं सांगून ठेवलंय.

मी हे का सांगतो? "बघा, डोळे गेले म्हणून ग्रंथ झाले, तेव्हा डोळे गेले ते बरंच झालं", हे सांगायला नाही. ते मी आत्ताच नाकारलंय. मी सांगतो ते यासाठी, की आंधळा माणूस चालतो कसा, ते पाहा. त्याला रस्ता दिसत नाही. पुढे खड्डा आहे की पायरी, कळत नाही. त्याला फक्त ज्याचा हात धरलाय तो हात कळतो. तो विचारतो, "काय आहे पुढे?" पुन्हा पुन्हा विचारतो. ठेच लागली तर रागावतो, "आधी सांगता येत नव्हतं?" पण हात सोडत नाही. विचारणं वेगळं, सोडणं वेगळं. मंडळी, देवाला विचारा. हजारदा विचारा. विचारणारा नास्तिक नसतो. ज्याला विचारायचं तो समोर आहे, असं धरल्याशिवाय कोणी विचारतं का?

(येथे नामगजर. मध्यंतर. बुक्का.)

उत्तररंग

काकू म्हणाल्या, तुकोबांच्या वह्या परत आल्या, माझी नाही आली. प्रश्न तुकोबांवरचा आहे, तेव्हा उत्तर मागायला देहूलाच गेलं पाहिजे.

देहू गाव. इंद्रायणीचा काठ. घरात विठ्ठलाची पूजा पिढ्यान्‌पिढ्यांची. विश्वंभरबाबांपासून देऊळ घरचंच. दुकान आहे, महाजनकी आहे, गावात पत आहे. आई-वडील आहेत, थोरला भाऊ सावजी, धाकटा कान्होबा. तुकोबांची दोन लग्नं झालेली. थोरली रखमाबाई, तिला दम्याचा त्रास, आणि धाकटी जिजाबाई, जिला आपण आवली म्हणतो. भरलं घर.

आणि मग एकेक खांब निसटायला लागला. आई-वडील गेले. भावजय गेली. सावजी विरक्त होऊन निघून गेले. प्रपंचाचा सगळा भार या कोवळ्या पोराच्या खांद्यावर. आणि त्यावर आला दुष्काळ. १६२९ पासूनचा तो दुष्काळ, इतिहासात नोंदलेला आहे. पाऊस नाही, आणि एक वर्ष नाही, लागोपाठ. साऱ्या दख्खनेत आणि गुजरातेत माणसं अन्नासाठी गावं सोडून चालली आणि वाटेत पडली. तुकोबांचं वय विशी-एकविशीचं. दुकान बसलं. बैल गेले. लोकांनी दारात उभं करणं सोडलं. आणि रखमाबाई, ती दम्याची बायको, अन्न अन्न करत गेली. वाण्याच्या घरची सून. ज्या घरातून गावाला धान्य जायचं, त्या घरात तिला घालायला दाणा नाही. तिच्यामागून पोटचा मुलगा गेला, संतू.

हे तुकोबांनी स्वतः सांगून ठेवलेलं आहे. झाकून ठेवलं नाही. लाज वाटली, दुःख झालं, व्यवसायात तूट आली, सगळं सांगितलंय. आता मला सांगा, पिढ्यान्‌पिढ्या विठ्ठलाची सेवा केलेलं घर. तुकोबांनी विचारलं नसेल? विचारलं. अहो, भांडले! गाथा उघडा. त्यात देवाला हाका आहेत, आर्जवं आहेत, आणि शिव्याही आहेत. निष्ठुर म्हटलंय, उधार बुडवणारा म्हटलंय. आपल्यापुरता देव संपला, इथपर्यंत एका जागी बोलून गेलेत. आणि ज्या गाथ्यात हे आहे, ती आपण पालखीत ठेवून मिरवतो. वारकऱ्यांनी ती पानं फाडली नाहीत. कारण त्यांना कळलं होतं, भांडण घरच्याशीच होतं. परक्याशी माणूस भांडत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवतो.

मग, उत्तर मिळालं का तुकोबांना? रखमा का गेली, संतू का गेला, याचं उत्तर कुठं आहे? शोधा. चार हजारांच्या वर अभंग आहेत. मला तरी सापडलं नाही. उत्तर मिळालं नाही, श्रोतेहो. पण हातांना काम मिळालं. घरचं विठ्ठलाचं देऊळ पडायला आलं होतं. भिंती खचलेल्या. ज्याचं स्वतःचं घर कोसळलंय, तो माणूस उठला आणि देवाचं पडकं देऊळ दुरुस्त करायला लागला. माती कालवली, भिंत उभी केली. एकादशीला कीर्तनात जाऊन मागं ध्रुपद धरायला उभा राहिला. डोंगरावर जाऊन बसला, भामचंद्रावर, भंडाऱ्यावर. मन दगड झालेलं होतं, पण पाय देवाच्या दिशेनं चालत राहिले.

आता वह्यांकडे येऊ. पण नीट पाहा हं. इंद्रायणीत तुकोबांचं एकदाच नाही बुडालं, दोनदा बुडालं. पहिल्यांदा त्यांनी स्वतः बुडवलं. सावकारीचे कागद, लोकांकडून यायच्या पैशांची खतं. कान्होबांच्या वाटणीचे अर्धे त्यांना दिले, आणि स्वतःच्या वाटणीचे इंद्रायणीच्या डोहात टाकले. ज्यानं भूक पाहिली, त्याला भुकेल्यांकडून वसुली करवेना. त्या डोहात गावकऱ्यांची कर्जं बुडाली. ते कागद कधी वर आले नाहीत, आणि येऊ नयेत हीच तुकोबांची इच्छा. दुष्काळानं त्यांना काय शिकवलं ते त्या कागदांनी सांगितलं. दुःखाचं कारण कळलं नाही, पण आपल्यामुळं दुसऱ्याच्या दुःखात भर पडू नये, एवढं मात्र कळलं.

दुसऱ्यांदा बुडवायला लावलं. वाघोलीचे रामेश्वरभट म्हणाले, तुला हा अधिकार नाही, वह्या पाण्यात टाक. तुकोबांनी वह्या बांधल्या, वर दगड ठेवला, डोहात सोडल्या. आणि काठावरच्या शिळेवर बसले. अन्न नाही, पाणी नाही. परंपरा सांगते, तेरा दिवस.

आम्ही कीर्तनकार काय करतो? टाळ्या मिळतात म्हणून भरकन तेराव्या दिवसावर येतो. वह्या तरल्या! कोरड्या तरल्या! बोला पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! आणि बुक्का लावून मोकळे. काकू, चूक आमची आहे. आम्ही तुम्हाला गोष्ट शेवटाकडून सांगितली. तुकोबा ती सुरुवातीकडून जगले.

विचार करा. पहिल्या दिवशी शिळेवर बसलेल्या तुकोबांना माहीत होतं का, तेराव्या दिवशी वह्या वर येणार? नव्हतं. पाचव्या दिवशी माहीत होतं? नव्हतं. आठव्या दिवशी पोटात आग पडली, ओठ सुकले, येणारे-जाणारे बोलायला लागले, "बसला बघा!" तेव्हा तरी माहीत होतं? नाही. आणि तेरा दिवस म्हणजे किती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. घरातलं माणूस गेलं की आपण तेरा दिवस मोजतो. तुकोबा त्या काठावर आपल्या शब्दांचं सुतक धरून बसले होते म्हणा ना! विश्वास त्या तेरा दिवसांत होता. वह्या हातात आल्यावर काय, समोर कोरडी वही दिसतेय, तेव्हा कोणीही विश्वास ठेवेल. रामेश्वरभटांनीही ठेवला. दिसल्यावर ठेवतो त्याला खात्री म्हणतात. दिसत नसताना, पाण्याकडे तोंड करून, उठून न जाता बसणं, याला विश्वास म्हणतात.

आणि एक सांगतो. वह्या आल्या. रखमाबाई आली का? संतू आला? तेही तुकोबांचंच होतं ना? शब्दांपेक्षा जास्त लाडकं होतं. ते नाही आलं परत. तेव्हा काकू, तुकोबा तुमच्या पलीकडे उभे नाहीत. ज्यांचं परत मिळालं त्यांच्या रांगेतले ते आहेत, तसे ज्यांचं कधीच परत मिळालं नाही त्यांच्या रांगेतही आहेत. तुमच्या शेजारी बसलेत ते. शिळेवर. कधी देहूला गेलात, आणि जाताच तुम्ही वारीच्या निमित्तानं, तर शिळामंदिरात नुसता नमस्कार करून पुढे सरकू नका. दोन मिनिटं उभ्या राहा. इथं एक माणूस, काहीही कळत नसताना बसून राहिला होता, हे मनात आणा. आपली न परतलेली वस्तू तिथं त्यांच्याजवळ सांगा. त्यांना कळेल.

आणि पंढरीला गेलात तर त्याच्याकडेही पाहा. पुंडलिकानं वीट फेकली, म्हणाला थांब, आईबापांची सेवा चालू आहे. तेव्हापासून तो थांबलाय. अठ्ठावीस युगं. त्यानं विचारलं नाही, "किती वेळ?" ज्याला आपण वाट पाहायला लावतो म्हणून दोष देतो, तो स्वतः कमरेवर हात ठेवून वाटच पाहत उभा आहे. वाट पाहणाऱ्याचं दुःख त्याला ठाऊक नाही, असं कसं म्हणावं?

आता शेवटचा प्रश्न. यंदा महालक्ष्म्या बसवू की नको?

काकू, तुम्ही इथं आहात की नाही मला दिसत नाही, मागं अंधार आहे. पण ऐका. भीतीनं बसवू नका. "नाही बसवल्या तर आणखी काही होईल," या धाकानं देवीला घरात आणायचं नसतं. ती सासुरवाशीण माहेरी येते, वसुली करायला येत नाही. आणि "बसवल्या म्हणजे पुन्हा पाणी येणार नाही," अशा सौद्यानंही बसवू नका. असा करार तिनं कोणाशी केलेला नाही. मनातून राग गेला नसेल तर राग घेऊन बसवा. आवाहन करताना डोळ्यांत पाणी आलं तर येऊ द्या. मुखवट्यांकडे पाहून म्हणा, "बायांनो, तुम्हाला मी आधी उचललं, ह्यांची वही राहिली. मला हे कळलेलं नाही. तरी या." एवढं म्हटलंत, की झाली पूजा. सोळा भाज्या नाही जमल्या तर भाजीभाकरीचा नैवेद्य दाखवा.

आणि नाहीच झालं मन यंदा, तरी कोणी त्यांना बोलू नये. शेजारणींनो, तुम्हाला सांगतोय. बोलण्याऐवजी त्या दिवशी एक ताट त्यांच्या घरी न्या. त्या रात्री वरच्या मजल्यावरच्यांनी दार उघडलं होतं, कोणाच्याही म्हातारीला आपल्या पलंगावर निजवलं होतं, कोणत्या जातीची, कोणत्या घरची, विचारलं नव्हतं. वस्तीतली पोरं छातीभर पाण्यात उतरली होती. देव त्या रात्री कुठं होता, हे मला सांगता येत नाही. पण दार ज्यांनी उघडलं, त्यांच्या हातात तो नव्हता, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि काकू, एक विनंती. एक नवी वही आणा. चार आण्याची... आता कुठली चार आण्याची, चाळीस रुपयांची आणा. पहिल्या पानावर, यजमान लिहायचे तसं, वरती "श्री" घाला. आणि जेवढं आठवतं तेवढं लिहा. मुलीच्या जन्माची वेळ तुम्हाला पाठ आहे. पेढ्यांचा भाव आठवत असेल तर तोही लिहा. रोज दिवा लावल्यावर एक ओळ. तुकोबांचे अभंग तरले म्हणतात, ते कसे तरले, याचं आणखी एक उत्तर जुनी माणसं देतात. कागद बुडाले, पण ते गावोगावच्या माणसांच्या कंठात होते, तिथून परत आले. तुमची वही तुमच्या कंठात आहे. ती गेलेली वही नव्हे ही, मला माहीत आहे. त्यांचं अक्षर परत येणार नाही. ते मी भरून देऊ शकत नाही, कोणीच नाही. पण पडकं देऊळ पाहून तुकोबांनी माती कालवली, तसं हे.

मंडळी, घरी जाताना एवढंच न्या. जे कळतं ते कळून घ्या, दुरुस्त करा. जे कळत नाही ते देवाला विचारा, भांडून विचारा. दुसऱ्याच्या दुःखाला कारण सांगायला जाऊ नका, पाणी घेऊन जा. आणि तेरावा दिवस उजाडेपर्यंत काठावरून उठू नका. आपला तेरावा दिवस या जन्मात उजाडेल की पुढे, ते त्याचं तो पाहील. आपण बसायचं.

पांडुरंगा, इथं बसलेल्या प्रत्येकाचं काही ना काही बुडालेलं आहे. ते परत दे, असं मागायची सवय आम्हाला आहे, आणि मागूच. पण तोपर्यंत हात सोडू नकोस. आमचा सुटला तर तुझा सुटू देऊ नकोस. इंद्रायणीकाठी त्या एका माणसाला बसून राहायचं जे बळ दिलंस, त्यातलं चिमूटभर धरमपेठेत ठेवून जा.

बोला पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!

(आरती व प्रसाद)